जाणाऱ्यांची वाद्यं

हैदराबादेत जुन्या वाद्यांचा हंगाम आंब्यांच्या मागोमाग येतो. बैंगनपल्लीचा शेवटचा ढीग हातगाडीवरून उतरतो न उतरतो, तोच फोनवर विकाऊ गिटारींचे फोटो यायला लागतात. याचा पावसाशी काही संबंध नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांचं सत्र ऑगस्टात सुरू होतं. त्याआधी व्हिसा, व्हिसाआधी मुलाखत आणि मुलाखतीआधी चिलकूरचा बालाजी. साकडं घालताना अकरा प्रदक्षिणा, काम झालं की एकशे आठ. पूर्वी ही पोरं मुलाखतीला बेगमपेटच्या पायगा पॅलेसमध्ये जायची; २०२३ पासून अमेरिकन कॉन्सुलेट नानकरामगुड्याला गेलंय. बालाजी आपला चिलकूरलाच आहे.

पासपोर्टवर व्हिसा चिकटला की घर विकायला निघतं. घर म्हणजे भाड्याच्या फ्लॅटमधली आपल्या वाटणीची चीजवस्तू : घडीचं टेबल, कूलर, इंडक्शनची शेगडी, सीटवरचं प्लॅस्टिकही न काढलेली सायकल, डंबेल्स आणि गिटार. डंबेल्स आणि गिटार या दोन वस्तू कुठल्याही बॅचलर फ्लॅटमध्ये सापडतात, आणि दोन्हींवरची धूळ साधारण एकाच वयाची असते.

सहा तारांच्या साध्या गिटारी या दिवसांत पैशाला पासरी. चार तारांची बास गिटार मात्र क्वचित दिसते. कुणावर छाप पाडायला म्हणून कुणी बास घेत नाही. कॉलेजच्या बँडमध्ये सगळ्यांनी आपापली जागा पकडली की जो उरतो, त्याच्या गळ्यात ती पडते. अशी एक यंदा जुलैत माझ्या नजरेला पडली. काळी, नाव परदेशी, बांधणी स्वस्तातली. मुक्काम माधापूर, मालक टेक्ससला निघालेला, किंमत साडेआठ हजार. बिगरीतली नवी बास घ्यायची तर दुकानात बारा ते अठरा हजार मोजावे लागतात, म्हणजे भाव वाजवी होता. वाजवी नव्हतं ते माझं वय. पन्नाशी उलटलेल्या, काचीगुड्यात राहणाऱ्या, सकाळी गुडघ्यांना तेल लावणाऱ्या माणसाने हिचं करायचं काय?

घरात विषय काढला तेव्हा आई एवढंच म्हणाली, "आपल्याकडे पेटी आहे."

आहे, हे खरंच. कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळलेली. भाता फाटलाय, काळी चार बसलीय, पण आहे. या पेटीचीही एक गोष्ट आहे. आजोबा परभणीहून इथे आले तेव्हा हैदराबाद म्हणजे परमुलूख नव्हता. आपल्याच राज्याची राजधानी होती. नोकरी सरकारी कचेरीत, मुलं जांबागेतल्या विवेकवर्धिनीत (१९०७ सालची शाळा, मराठी माणसांनी काढलेली), पुस्तकं मराठी ग्रंथ संग्रहालयातून. मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि कचेऱ्यांमधल्या माणसांचीही वाटणी झाली : हा कारकून इकडे, तो तिकडे. आजोबांच्या शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ औरंगाबादेच्या वाट्याला गेले. सामान फार होतं. त्यांनी पेटी विकायला काढली, आजोबांनी घेतली. आजोबांना पेटी येत नव्हती. शेवटपर्यंत आली नाही. पण दसऱ्याला ते तिला न चुकता झेंडूचं फूल वाहायचे.

म्हणजे या शहरात जो मागे राहतो त्याच्या घरी जाणाऱ्यांची वाद्यं येतात, ही आमच्या घरची रीतच म्हणायची. मी ती पुढे चालवतोय, असं आईला सांगून पाहिलं. आईने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा घातला.

बासच का, हा मुलीचा प्रश्न. तिला मोहिनी डे ठाऊक आहे. १९९६ साली जन्मलेली, वडील सुजॉय डे स्वतः बासवादक, तिसऱ्या वर्षापासून हातात वाद्य. झाकिर हुसेन, रहमान अशांबरोबर वाजवलेली. तिची बोटं पाहून मुलगी म्हणाली, "बाबा, हे तुम्हाला या जन्मात जमणार नाही." मला ते जमवायचंही नाही. माझी हौस निराळी आहे आणि ती सांगायला जरा मागे जावं लागेल.

आमच्या भजनी मंडळात एक काका पखवाज वाजवत. भजनाआधी ते घरातून वाटीत कणीक मागून घेत. पोळ्यांच्या कणकेपेक्षा सैल भिजवायची, आणि डाव्या तोंडाच्या मधोमध थापायची. थोडी थापायची, पंजाने ठोकून ऐकायचं, चिमूटभर काढायची, पुन्हा ठोकायचं. कणीक जास्त झाली तर आवाज बोजड, कमी पडली तर कोरडा. नेमकी झाली की असा एक घुमारा निघायचा की मांडीखालची सतरंजी हलल्याचा भास व्हायचा. पुढे बुवा काय गायचे ते मला आठवत नाही. मी डाव्या तोंडाजवळ सरकून बसलेला असायचो. भजन संपलं की काका सुरीने कणीक खरवडून काढत आणि तो गोळा आम्हा पोरांपैकी कुणीतरी गाईला घालायला पळवी. शाळेच्या समूहगीतात मी कायम तिसऱ्या रांगेत. गणपतीत माझ्या हातात झांज. कुणी पुढे ये म्हणालं नाही आणि मीही कधी रुसलो नाही. तिसऱ्या रांगेतून गाणं चांगलं ऐकू येतं.

बास वाजवणारा म्हणजे लग्नघरातला तो एक काका : फोटोत कुठेच नसतो, पण तो नसला तर ऐन पंगतीच्या वेळी गॅस संपतो. ड्रम आणि गाणं यांच्या मधली जागा तो धरतो. तो कोणता सूर धरतो त्यावर वरच्या सुरावटीचा अर्थ ठरतो. वर तेच तीन सूर वाजत असले तरी खाली बासने सूर बदलला की गाण्याचा चेहरा बदलतो. श्रोत्याला वाटतं गायकाने काहीतरी केलं.

त्यात गंमत अशी, की आजकाल आपण बास ऐकतच नाही. तिच्या सगळ्यात जाड तारेचा मोकळा सूर सेकंदाला जेमतेम ४१ कंपनांचा. फोनच्या इवल्याशा स्पीकरला एवढं खाली जाताच येत नाही. त्याच्या दुपटी-तिपटीचे उपस्वर तेवढे बाहेर पडतात, आणि आपला कान त्यांच्यावरून खालचा मूळ सूर स्वतःच मानून घेतो. म्हणजे बसमध्ये शेजारी बसून मोठ्याने गाणी लावणारा प्राणी बासवाल्याला पोचवतच नाही. त्याची उरलीसुरली सोय आपण डोक्यात करतो. इतकी पडती बाजू असलेल्या वाद्याबद्दल मला आपलेपणा वाटला तर त्यात नवल काय?

हे सगळं मी बायकोला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि वही मागवली.

ती नांदेडची, हिशेबाला पक्की. साडेआठ हजार लिहून तिने खाली रेघ न मारता विचारलं, "आणि आवाज कशातून येणार?" ॲम्प्लिफायर लागतो, हे मी आधी सांगायचं लांबवलं होतं. साधा सरावाचा घेतला तरी सात-आठ हजार. साध्या गिटारीचा छोटा ॲम्प चालत नाही, खालचे सूर त्याला झेपत नाहीत, स्पीकर फाटायची भीती. तारा जुन्या असणार. बासच्या चार तारांचा बरा संच दीड-दोन हजारांच्या खाली येत नाही. केबल, पट्टा, पिशवी, स्टँड. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. "आणि शिकवणारा?" तिने विचारलं. मी म्हटलं, ते फुकट होतं हल्ली, फोनवर बघून. "फोनवर बास ऐकू येत नाही म्हणालात ना आत्ता?" तिने पेन बंद केलं.

मग मी इतिहासाचा आधार घेतला. हरायला लागलेला मराठी माणूस इतिहासात शिरतो, तसा मी १९५१ सालात शिरलो. त्याआधी ऑर्केस्ट्रात बासचं काम करायला माणसाहून उंच असा डबल बास असे. तो ट्रकमधून न्यायचा, उभ्याने वाजवायचा, आणि ट्रम्पेटं सुरू झाली की तो ऐकूही यायचा नाही. त्यावर पट्ट्या नसत, सूर शोधायचा तो कानाने आणि बोटाने. कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करणारा लिओ फेंडर नावाचा माणूस होता. त्याने हे सगळं गळ्यात अडकवता येईल अशा फळीवर आणलं, ३४ इंचांच्या तारा लावल्या, पट्ट्या बसवल्या. सूर नेमका लागतो म्हणून नाव ठेवलं प्रिसिजन बास. "आणि या माणसाला," मी आवाज चढवून म्हटलं, "स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती!"

"त्याने विकली," बायको म्हणाली. "तुम्ही घेताय."

बीटल्सकडे वळलो. जॉन लेननचा मित्र स्टुअर्ट सटक्लिफ हा चित्रकार. त्याचं एक चित्र ६५ पौंडांना खपलं, तेव्हा मित्रांनी त्याला बास घ्यायला लावली. वाजवता येत नव्हती तरी. हॅम्बर्गला तो बँड सोडून चित्रकलेकडे परत गेला, आणि बास घ्यायला उरलेल्यांत कुणी तयार होईना. शेवटी ती पॉल मॅकार्टनीकडे आली. फेंडर परवडत नव्हती, म्हणून १९६१ मध्ये त्याने हॅम्बर्गच्या दुकानातून सुमारे ३० पौंडांची होफनर घेतली. दोन्ही बाजूंनी सारखी, व्हायोलिनच्या घाटाची. डावखुऱ्याने उलटी धरली तरी वेडीविद्री दिसायची नाही. त्या स्वस्त गिटारीवर काय काय वाजलं ते जगाला ठाऊक आहे. १९७२ मध्ये लंडनमध्ये ती चोरीला गेली आणि अर्धशतकानंतर कुणाच्या तरी माळ्यावर सापडून परत आली; २०२४ च्या फेब्रुवारीत त्याची बातमी झाली.

"म्हणजे पन्नास वर्षं माळ्यावर होती," बायको म्हणाली. तिला नेमकं तेच ऐकू आलं. "आणि ती घेतली तेव्हा तो मॅकार्टनी विशीलाही पोचला नव्हता."

माझा सगळ्यात लाडका दाखला मी मागे ठेवला होता. १९८१ साली रोलंड या जपानी कंपनीने टीबी-३०३ नावाचं एक यंत्र काढलं. बासवाला आला नाही तरी गिटारवाल्याचा सराव अडू नये, हा हेतू. म्हणजे बासवाल्याला घरी बसवायचं यंत्र. पण त्यातून बासखेरीज सगळं ऐकू यायचं. तीन वर्षांत ते बंद पडलं आणि जुन्या मालाच्या दुकानांत मातीमोल भावाने जाऊन पडलं. तिथून ते शिकागोच्या फाटक्या खिशांच्या पोरांनी उचललं, त्याच्या चकत्या वेड्यावाकड्या फिरवल्या, आणि नाचाच्या संगीताची एक अख्खी शाखा उभी राहिली. त्याच्या आधीच, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजित सिंग यांनी तेच यंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बास गिटार वाजवणारा हा माणूस. बासवाल्यानेच बासवाल्याचं मारेकरी यंत्र घरी आणलं आणि त्याच्याकडून भैरव वाजवून घेतला. रेकॉर्ड तेव्हा कुणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, आणि उतारवयात चरणजित सिंग परदेशच्या रंगमंचांवर पोचले.

यावर बायको गप्प झाली. मला वाटलं, जिंकलो. तिने विचारलं, "ते राग त्यांना आधीपासून येत होते ना?"

अशा प्रसंगी मित्रांकडे जाऊ नये, पण आपण जातो. एकाचं म्हणणं, माधापूरला कशाला, जुमेरात बाजारात बघ. हैदराबादेत ज्याची वाट चुकली ती वस्तू गुरुवारी पुरानापुलाजवळच्या त्या बाजारात निघते : एका पायाचे पंखे, रिमोटचे ढीग, शाही पलंगाची नुसती मच्छरदाणी. मी गेलो. दोन बुलबुलतरंग आणि पोट फुटलेली एक ढोलकी एवढंच संगीत होतं. बासबद्दल विचारलं तर दुकानदाराने सबवूफर काढून दाखवला. दुसरा मित्र म्हणाला, नवीच घे, जुनी वस्तू म्हणजे दुसऱ्याचं दुखणं. हे मला पटलं नाही. नव्या गिटारीत काय वाकडं आहे ते दोन पावसाळे गेल्याशिवाय कळत नाही. जुनी बिचारी आपलं काय ते आधीच दाखवून बसलेली असते, बघता आलं पाहिजे.

म्हणून बघायला गेलो. अमीरपेटला गाडी बदलून माधापूर. अमीरपेटच्या जिन्यांवर नेहमीसारखी कोर्सवाल्यांची गर्दी. निम्म्या गिटारी इथूनच निघतात आणि निम्म्या इथेच येतात, असा माझा अंदाज आहे. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, दारात चपलांची रास. मुलगा करीमनगरचा, नम्र, दाढी नुकतीच राखलेला. हॉलच्या मधोमध दोन मोठ्या बॅगा उघड्या, शेजारी वजनाचा हूकवाला काटा. प्रत्येकी तेवीस किलो, त्याच्या वर एक ग्रॅम नाही. एका बॅगेत प्रेशर कुकर, कुकरच्या पोटात मसाल्यांच्या पुड्या, आणि आवकाय लोणच्याची पाकिटं टॉवेलात गुंडाळलेली.

"गिटार का नाही नेत?" मी विचारलं.

"चार किलो हय अंकल," तो म्हणाला, आणि आवकायकडे पाहिलं. प्रश्न संपला.

त्याने पिशवीची चेन उघडली. मी बघायचं काय काय ते वाचून गेलो होतो, आणि वाचून गेलोय हे दिसू नये याची काळजी घेत होतो. आधी मान. चौथी तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाबायची, शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्याने, आणि सातव्या-आठव्याच्या आसपास तारेखाली फट किती राहते ते बघायचं. व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी हवी. तार पुरती टेकली किंवा फटीत बोट जायला लागलं, तर मान वाकली समजायची. आत लोखंडी सळई असते, तिला ॲलन कीने पाव फेरा देऊन बघता येतं, पण सळईच अडकलेली असेल तर हात जोडून निघावं. इथे कार्ड गेलं. मग बारावा फ्रेट : तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा सूर आणि दाबून निघणारा सूर एकच यायला हवा. तीन तारांवर आला, चौथीवर किंचित चढा. तारा गंजायला आलेल्या, म्हणून असेल. आवाजाची चकती फिरवली की स्पीकरमध्ये खरखर; आतली धूळ, दोन-अडीचशेच्या स्प्रेने जाते. केबलचं भोक सैल. एवढ्यावर मी तोंड शक्य तितकं आंबट केलं, कारण अजून भाव ठरायचा होता.

एक गोष्ट मात्र वाचलेल्या यादीत नव्हती. पहिल्या पाच फ्रेट्सवर तारांनी चांगले खळगे पाडले होते. सहाव्यापासून पुढे लाकूड कोरं, पट्ट्या चकचकीत. मुलाने माझं बोट कुठे थांबलंय ते पाहिलं.

"तीन गाने आते थे अंकल. तीनों उधरीच हय." मग म्हणाला, बँड होता कॉलेजात. ड्रमर बेंगळुरूला गेला, गाणाऱ्याचं लग्न झालं, लीड गिटारवाला आधीच डॅलसला. हा दीड वर्ष एकटाच बास वाजवत होता. एकट्याने बास वाजवणं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

"बजा के देखो," त्याने पट्टा माझ्या गळ्यात घातला. वजन डाव्या खांद्यावर आलं, मान जमिनीकडे झुकायला लागली, मी ती सावरली. पहिल्या बोटाने सगळ्यात जाड तार ओढून सोडली. ॲम्प पावभर सुद्धा उघडला नव्हता. तरी ओट्यावरच्या स्टीलच्या ताटल्या थरथरल्या, खिडकीची एक काच बोलली, आणि आतल्या खोलीतून रात्रपाळी करून झोपलेल्या कुणाचा तरी आवाज आला, "ओरेय्!" सूर आधी पोटात आला आणि मग कानात. मी तो संपेपर्यंत थांबलो. फार वेळ लागतो संपायला. कणीक बरोबर लागली होती.

साडेआठाचे मी साडेसहा म्हणालो. तो आठ म्हणाला. तेवढ्यात त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. तेलुगूत तिने बहुधा ते लाकूड गेलं का असं विचारलं असावं, कारण त्याने कॅमेरा माझ्याकडे वळवला. पट्टा गळ्यात असलेल्या मला पाहून माउलीने नमस्कार केला आणि मुलाला काहीतरी ठसक्यात सांगितलं. भाव सात हजारांवर आला, वर स्टँड फुकट. ॲम्पचं निराळं; तो खाली राहणाऱ्याने सांगून ठेवला होता.

मी म्हटलं, घरी विचारतो, आणि गॅलरीत जाऊन फोन लावला. मानेची, फ्रेट्सची, सात हजारांची सगळी हकीकत सांगितली. पलीकडे कुकरची शिटी झाली. मग बायकोने विचारलं, "लांबीला केवढी आहे?"

फ्लॅटमध्ये टेप नव्हता. मुलाने फोनवर शोधून सांगितलं, सेहेचाळीस इंच.

"कपाट छत्तीस इंची आहे," ती म्हणाली. "पेटी पलंगाखाली घालता येईल. पण हे दहा इंच बाहेर येणार. दाराच्या बाजूला नको, आईंच्या डोक्याला लागेल."

फोन ठेवला. मुलगा चेन लावायची का उघडीच ठेवायची या विचारात पिशवी धरून उभा होता. "आंटी क्या बोले, अंकल?"

"खिडकी के बाजू रखो बोलके बोल रैं."